अकरा उतरले, दहा वर आले

प्रति,
मा. बंदर अधिकारी,
प्रवासी नोंद विभाग, बेटाचा धक्का

विषय : पाण्यातून वर आल्याची नोंद होऊन बेट सोडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : १) स्कूबा सफर नोंदवही, पान ४१. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (अनुत्तरित).

महोदय,

१. अर्जदार ही एका रुग्णालयातून आवक-जावक लिपिक म्हणून निवृत्त झालेली आहे. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त मुलीने हट्टाने पाठवल्यावरून ती यजमानांसह पाण्यावरील बंगला क्र. ७ मध्ये उतरली. यजमानांनी पाण्यात उतरण्यास साफ नकार दिला. अर्जदाराने मात्र हौसेने स्कूबा सफरीत नाव नोंदवले.

२. त्या सकाळी नावेतून अकरा जण उतरले. प्रवाळ पाहण्यात गुंग असता प्रवाहाने अर्जदारास ओढले व प्रशिक्षकाचा हात सुटला. ती वर आली ती भलत्याच नावेपाशी. त्या नावाड्याने दंडाला धरून तिला वर घेतले आणि बंगल्याच्या शिडीशी आणून सोडले. मूळ नावेने 'अकरा उतरले, दहा वर आले' असे लिहून वही आपल्या कार्यालयात जमा केली.

३. परतीच्या दिवशी धक्क्यावरील लिपिक म्हणाले, "बाई, तुम्ही तर अजून पाण्याखाली आहात. बोटीत कशा बसवू?" हवे तर चिमटा काढून पाहा, असे अर्जदाराने सुचवले. वहीत तसा रकाना नाही, असे त्यांनी अदबीने सांगितले. मुलीचे दिवस भरत आल्याने यजमानांना एकट्यानेच जावे लागले.

४. त्या सफरीपासून आज एकोणिसावा दिवस. शोधपथक अर्जदाराच्या शोधासाठी रोज तिच्याच खिडकीखालून जाते. अर्जदार हात हलवते, तेही हलवतात. चारी बाजूंनी निळेशार पाणी, खोलीत पायांखाली काच आणि काचेखालीही पाणीच. न्हाणीघरापर्यंत जाताना अर्जदारास भिंत धरावी लागते.

५. काल मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबा इतके घाबरलेत की मलाच त्यांना धीर द्यावा लागतो. तू कधी येतेस?"

६. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, हे अर्जदार जाणते. बावीस वर्षे तिनेही कोणाला ती करू दिली नाही. तेव्हा रुग्णालयातल्या तिच्या खिडकीपलीकडे रडकुंडीला आलेली माणसे आता एकेक करून आठवतात.

७. सबब विनंती, की अर्जदारास त्याच नावेतून, त्याच ठिकाणी पुन्हा उतरू द्यावे. उतरल्याचे लिहू नये, वर आल्याचे तेवढे लिहावे. त्या दिवसापासून तिने पाण्यात बोटही बुडवलेले नाही. तरी ती उतरेल. वही घेऊन कोणीतरी नावेत असावे, एवढेच.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, बंगला क्र. ७
दिनांक : १९

सोबत : हयात असल्याचा डॉक्टरी दाखला.

कार्यालयीन शेरा : मंजूर. मी स्वतः वही घेऊन नावेत होतो. अर्जदार ११.५२ वाजता वर आल्या. बारा वाजताची बोट थांबवून त्यांना ओल्या कपड्यांनिशीच बसवून दिले.
— बंदर अधिकारी