दादाचं बीट, पारव्याची बीट

तीर्थस्वरूप काशीराममामा,

दत्तूचा दंडवत घ्या. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामीचा खोकला बसला का? इथे अंधेरीत आम्ही सगळे जिवंत आहोत, आणि हे या खेपेला रीत म्हणून लिहीत नाही, खरोखरच आहोत.

त्याचं असं झालं. आमचा श्यामकांतदादा हापिसातल्या पोरांबरोबर हिमालयात निघालाय. वर हवा विरळ, श्वास पुरत नाही, म्हणून हा नाक चिमटीत धरून गिल्बर्ट हिल चढतो (जेवतानाही सराव चालूच, आमटी सांडते). निघायच्या आधी डॉक्टर छाती तपासणार, नापास झाला तर हिमालय राहिला बाजूला. त्यांचा म्होरक्या म्हणाला, अंगात रक्त वाढवा, म्हणजे दम टिकतो, रोज बीट घ्या. दादा मालनमावशीला "उद्यापासून सकाळी बीट, रस काढून" एवढंच बोलला आणि पळाला. मावशी तुमचीच बहीण, नुकतीच गावाहून आलेली, लाल बीट तिने जन्मात बघितलेलं नाही. गावाकडे पाखरांच्या शिटेला बीट म्हणतात, तेवढीच तिला ठाऊक. मला हळूच विचारते, "बीट? ती पारव्याची?" आता मामा, असा फुलटॉस कोण सोडील? म्हटलं, "होय तर! आणि ताजीच लागते." ती पारवे बसतात त्या छज्ज्याकडे बघत बसली. सकाळी लवकर उठून अडवू म्हणून मी झोपलो, तो झोपूनच राहिलो. उठतो तर पेला रिकामा आणि दादा टेकडीवर! नाक धरून प्यायला असणार, वास कुठला कळायला?

मग मी जो धावलो! दादा आता झीट येऊन पडणार, हिमालय जाणार आणि बाबा मला सोलणार, हेच डोळ्यांपुढे. अर्ध्या पायऱ्यांत माझीच वाट लागली. कसाबसा वर पोचलो तर हा देवळाजवळ उठाबशा काढतोय. म्हणतो, "दत्त्या, आज पाय कसे हलके झालेत यार! तू का कुत्र्यासारखा धापा टाकतोस?" घरी येऊन मावशीचे पाय धरले. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मेल्या, मी काय खुळी असंय? तुझा तोंड बघूनच माका कळला. भाजीवालीक इचारलंय मी."

जीव भांड्यात पडला, मामा. दादा तपासणीत झकास पास झाला. मामींना नमस्कार.

तुमचा,
दत्तू

ता. क. खरं पत्र इथून पुढे. "तुझ्याच आंगात रक्त नाय" म्हणून मावशी मलाही रोज पेलाभर बीट पाजते. आज सकाळी मोरीत गेलो तर सगळं लाल! घरात कुणाला सांगवत नाही. तुमच्या वैद्यबुवांना विचारून लगेच कळवा, किती दिवस उरलेत.

आणखी ता. क. आत्ताच दादाला विचारलं. त्याचंही लालच. बिटाने होतं म्हणे. हुश्श! वैद्यबुवांना विचारू नका. विचारलंच असेल, तर नाव दादाचं सांगा.