वारा कुणीकडे आहे

१५ ऑक्टोबर २०२५

सगळ्यात आधी हंड्याचं झाकण पुसायचं. मग पाणी गाळायचं. मग अंथरुणं झटकायची, पण आतच. बाहेर झटकली की जास्त काळी होत. मग नवऱ्याला, ढवळूला, ताकीद – आधी नाक शिंकर, मग चहा. त्याचा शेंबूड काळा, माझाही काळा. हसायचो आम्ही! तीन वर्षं रोज सकाळी हेच, टायरभट्टीच्या कडेला. भाकरी नागलीची, तिच्यावर काजळी दिसायची नाही. भात केला की दिसायची.

आज नवा भात शिजवला. पांढराशुभ्र. ढवळूला जाऊन चार वर्षं झाली, तरी झाकण काढायच्या आधी हात पदराकडे गेला, पुसायला.

१७ ऑक्टोबर

रविना आली, बाळाला घेऊन. सात महिन्यांचा झाला. माझ्या भावाने, देवजीने, रविनाच्या नवऱ्याला, मंगेशला, फोन केला म्हणे. दिवाळीनंतर गाडी पाठवतो, जोडीने या. त्याच भट्टीवर!

नको म्हटलं तर रविना म्हणते, "आये, मामाच तर हाय तिथं मुकादम. परकं कोण हाय?"

आम्हाला नेलं तेव्हाही मामाच होता. ती तेव्हा आश्रमशाळेत होती. तिने ते झोपडं कधी बघितलंच नाही.

१९ ऑक्टोबर

जव्हारच्या बाजारातून सुकट आणली. पुडीचा कागद सरळ करून ठेवला. रविनाच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले आणि असल्या कागदांवर ती पक्की केली. ती सवय अजून आहे.

कागदावर आमच्याच भट्टीची बातमी! तिथली हवा 'अतिशय वाईट'. लोकांनी खिडक्या बंद ठेवाव्यात. पण सात वर्षांपूर्वी इमारतवाल्यांनी तक्रार केल्यावर ठरलं – वारा इमारतींकडे असताना टायर जाळायचे नाहीत. त्यामुळे 'रहिवाशांना मोठा दिलासा'.

बोट ठेवून दोनदा वाचलं. रहिवासी म्हणजे कोण? भट्टीच्या एका अंगाला इमारती, दुसऱ्या अंगाला आम्ही, मोखाड्याहून आलेल्यांची चाळीस घरं. वारा त्यांच्याकडे नसेल तर जाईल कुठे? आणि बंद करायला खिडकी कुठली? ताडपत्रीला खिडकी नसते.

चाळीस घरांचं एक अक्षर नाही त्या कागदात.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

देवजी आला. ओवाळलं. त्याने साडी दिली. जेवण झाल्यावर मी कागद काढला आणि मोठ्याने वाचला.

"मग?" म्हणाला. "सेठनं भट्टीच बंद केली असती तर काय, वारा खाल्ला असता तुम्ही?"

"वारा तर तोच खाल्ला, देवजी. कुणीकडे हाय ते बघायचं कोण?"

"मी. माझं कामच होतं ते."

किती सहज बोलला! भट्टीजवळच्या बांबूवर ती लाल चिंधी होती ना – माझ्याच लुगड्याची. मागायला आला तेव्हा मला वाटलं, देवाचं निशाण लावायचं असेल. फाडून दिली. चिंधी आमच्या झोपड्यांकडे फडफडली की हा ओरडायचा, "पेटवा रे!"

"आणि तुझी गौरा? पोरं? ती कुठं राहायची?"

तो मोबाइल बघायला लागला. गौरा इमारतींच्या बाजूला राहायची, पक्क्या खोलीत. मला ठाऊक आहे.

जाताना रविनाला म्हणाला, "तुझी आय दोन अक्षरं काय शिकली, वकीलच झाली!" बाळाला वर उडवलं. "चल रं, मोठी गाडी दाखवतो तुला." बाळ खिदळलं.

पाठचा भाऊ. कडेवर वाढवला याला.

२४ ऑक्टोबर

साडी नेसले नाही.

डॉक्टर ढवळूला विचारायचे, बिडी? नाही. दारू? नाही. मग ते लिहीत राहायचे, वर बघायचेच नाहीत. कुठे राहता, कुणीच विचारलं नाही. इथे आणला तेव्हा पायरीवर बसून राहायचा. म्हणायचा, "इथला वारा गोड हाय, गोदी." आणि शेवटपर्यंत देवजीचं नाव चांगलंच घेतलं त्याने. "तुझा भाऊ होता म्हणून काम मिळालं."

२६ ऑक्टोबर

रविनाला कागद दिला, चिंधीचंही सांगितलं. ती म्हणाली, "मामा बोलला, आता नवीन मशीन बसवलंय. तुझं नि मामाचं भांडण, त्यात आमी उपाशी राहायचं का?" मंगेश म्हणतो, "चार महिनेच तर जायचं, मामी." सासूला मामीच म्हणतो तो. गोड बोलतो.

चार महिने. आम्हीही चार महिन्यांसाठीच गेलो होतो.

२७ ऑक्टोबर

बाळाला कानटोपी शिवली. दुसरं काय करू?

२८ ऑक्टोबर

गाडी उद्या सकाळी.

एक गोष्ट आजवर या वहीतही लिहिली नाही. लिहिते.

वर्षभरात ती चिंधी उन्हाने विटली, फाटली. देवजी दुसरी मागायला आला. तेव्हा मी विचारलं, कशाला रे लागते? आणि त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, हसत हसत.

मी गप्प बसले. झोपडं फुकट होतं. काम रोजचं होतं. रविनाची शाळा चालली होती. ढवळूचा खोकला तेव्हा नुसता खोकला होता. मी पेटीतून लुगडं काढलं आणि दुसरी चिंधी फाडून दिली. या वेळी जरा रुंद फाडली, टिकावी म्हणून.

ढवळूला सांगितलं नाही. कधीच नाही.

२९ ऑक्टोबर

गाडीजवळ उभी असताना रविनाला कालचं पान वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं. मग माझ्याकडे न बघता बाळाला माझ्या कडेवरून ओढून घेतलं, आणि मंगेशला म्हणाली, "बोचकी उतरव."