नळाजवळची भिंत

इंदापूर
ता. २२ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. शालन हिस महिपतीचे अ. आ. वि. वि.

भाऊबीजेहून सुखरूप पोचलो. तुझ्या सासूबाईंनी बांधून दिलेल्या करंज्या एस.टी.तच संपल्या, तुझ्या वहिनीला कळवू नकोस.

आता बातमी. ट्रकच्या पाट्या आन दुकानांचे बोर्ड रंगवण्यात दहा वर्सं गेली, पण मनासारखं काम आत्ता आलंय. मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेला बारामतीच्या एका कामगार वस्तीत भिंतीभिंतीवर चित्रं काढून हवीत. वस्ती कुठली, तर तुमचीच! दाजींना सांग, पाहुणा पंधरा दिवस मुक्कामाला येतोय.

एक काम कर. आपल्या कळंबच्या शाळेत दोन रिबिनी बांधून काढलेला तुझा फोटो हाय, तो पाठव. आईला मोठा करून द्यायचाय.

घरात सगळ्यांना यथायोग्य.

तुझा दादा


बारामती
ता. १९ डिसेंबर १९९६

ती. दादास शालनचा शि. सा. न. वि. वि.

तू काल गेलास आन घर मोकळं वाटाय लागलं. स्वप्नाली अजून तुझ्या रंगाच्या डब्यांची झाकणं मांडून खेळतीय. वस्ती तर ओळखूच येईना. सारजाबाईंच्या पत्र्याच्या घरावर मोर, पिठाच्या गिरणीवर सूर्यफुलं. दुसऱ्या पाळीचे कामगार वाट वाकडी करून बघाय येत्यात. सगळ्यांना सांगते, माझा भाऊ हाय.

नळाजवळची भिंत मात्र तू गोणपाटानं झाकून गेलास. मी इचारलं तर हसलास. रविवारी संस्थेची माणसं येऊन उघडणार म्हणे. माझ्यानं दम धरवत न्हाय. तू येशीलच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

शालन


बारामती
ता. २३ डिसेंबर १९९६

दादा,

आईला फोटो मोठा करून द्यायचा होता ना? केलास, भिंतीएवढा. दोन रिबिनी, भुवईवरची खोक, सगळं माझं. आन खाली हातभर अक्षरात ‘माझं नाव नकोशी. मला शिकायचंय.’

तुझ्या पाठीवर मुलगा हवा होता आन मी झाले, म्हणून ते नाव पडलं. लग्नात तांदळात शालन लिहिलं तवा मी मनात म्हटलं, सुटले. सोयरिकीच्या वेळेला घरच्यांनी ते दडवलं होतं, आठ वर्सांत हितं कुणाला ते नाव ठाऊक न्हवतं. सासूबाईंना सुद्धा न्हाय. काल तू आला न्हाईस. टाळ्या वाजत होत्या आन बाया चित्राकडं बघायच्या, मग माझ्याकडं. आज नळावर पोरं ‘नकोशी’ म्हणून वरडली. स्वप्नाली रडत घरी आली.

ती भिंत पुसून जा.

शालन


इंदापूर
ता. ३० डिसेंबर १९९६

चि. शालन हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण मी खोटं काय काढलं? असं नाव घेऊन जगणाऱ्या कितीक मुली हायत. त्यांच्यासाठीच ते काढलं. पेपरात फोटो आला. संस्थेचे साहेब म्हणाले, सगळ्या वस्तीत हेच एक चित्र काळजाला हात घालतं. सव्वीस जानेवारीला पुण्याहून माणसं बघाय येणार हायत. आता पुसलं तर संस्थेचं माझ्या हातातलं पुढचं काम जाईल. लोक चार दिवस बोलतील आन इसरतील. मोठ्या भावासाठी एवढं सोस.

तुझा दादा


बारामती
ता. १२ जानेवारी १९९७

दादास,

आज सकाळी पाणी यायच्या वेळेला, सगळ्यांच्या देखत, मी आन ह्यांनी मिळून भिंतीला चुना मारला. मुकाट्यानं ऱ्हायले असते तर रोज तितं पाणी भराय मान खाली घालून जावं लागलं असतं. सारजाबाईंनी काही न इचारता दुसरा ब्रश धरला. सासूबाई दारातनं बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, मला सांगितलं असतंस तरी मी तुला शालनच म्हटलं असतं. तवा मला रडू आलं.

तुझं काम गेलं असंल तर त्याचं मला वाईट वाटतं. पण तू इचारलं असतंस तर मी न्हाय म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणून तर तू आईचं नाव पुढं केलंस.

स्वप्नालीला मी सगळं खरं सांगितलं. ते नाव कुणी ठेवलं, का ठेवलं. तिनं ऐकून घेतलं आन म्हणाली, मग मामानं तुला इचारलं का न्हाय? मी म्हटलं, मामालाच इचार. आता ती रोज पोस्टमनची वाट बघणार.

तवा काय लिहायचं ते तिला लिही. पाकिटावर नाव तिचंच घाल. माझं घालू नकोस.

शालन