‘नावाडी आणि मंडळी’ची एकच टेप

सोमवार, ४ मार्च
संचालकबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. केंद्राला पन्नास वर्षं होताहेत. इतक्या वर्षांत आपल्या सरकारी टीव्हीवर लागलेले सर्वोत्तम पन्नास कार्यक्रम निवडायचे. यादी मी करायची. टेप लायब्ररीत तेहतीस वर्षं काढलेला माणूस दुसरा आहे कुठे? आधी दोघांना विचारलं होतं म्हणे, त्यांनी अंग काढून घेतलं. आवाका कळला असेल.
संकल्प : १) संपूर्ण निःपक्षपातीपणा. २) रोज सहा तास पाहणे. ३) ‘हातासरशी’चा विचार सर्वांत शेवटी.
‘हातासरशी’ म्हणजे घरच्या घरी दुरुस्ती शिकवणारा कार्यक्रम. निवेदकाचा घसा बसला म्हणून तेरा भाग मी केले. लोक अजून विसरलेले नाहीत. परवाच बँकेत एक गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहत होते.

बुधवार, ६ मार्च
तळघरातल्या रॅकपासून सुरुवात. उजवी भिंत ओली. खालच्या फळ्यांना आंबूस वास.
आमच्या इंजिनिअरला सगळे हेडफोन म्हणतात, कारण गळ्यात कायम तोच असतो. त्याने येऊन भाषण दिलं. म्हणाला, साहेब, जुन्या रुंद टेपा चालवणारं मशीन आता एकच उरलंय, त्याचं टेप वाचणारं हेड जेमतेम शंभर तास टिकेल. आणि ज्या टेपेला हा वास आहे ती मशीनला लावायची नाही. ओलीने आतला गोंद सुटलाय. लावली की चित्राचा थर सोलून निघतो, हेडला चिकटतो, टेपही जाते आणि मशीनही. आधी माझ्याकडे द्या, सुकवणीच्या भट्टीत घालतो. नंबराने.
मी मान डोलावली. तेहतीस वर्षांत मला वासाबद्दल कोणी शिकवलं नव्हतं.

सोमवार, ११ मार्च
आतापर्यंत एकवीस तास पाहिले. पैकी चौदा ‘हातासरशी’. पक्षपात नव्हे. मोजायला आधी पट्टी लागते.
बाकीचे : ‘तिसरा मजला’ ही मालिका. जिन्यावरच्या भांडणांसाठी माणसं जेवण गार करून बसायची. ‘उत्तर द्या’. त्यातल्या गुरुजींचा चेहरा पाहिला की उत्तर कळायचं, तरी स्पर्धक चुकायचे. ‘कामगार तास’. कंटाळवाणा, पण एका वेल्डरची मुलाखत पाहून मी चहा विसरलो.
घरी बायकोला म्हटलं, पहिला नंबर कुणाला देशील? तिने भांडी घासता घासता सांगितलं, ‘नावाडी आणि मंडळी’. मुलीला फोन केला, तीही तेच. जावयाला विचारलं नाही.

बुधवार, १३ मार्च
‘नावाडी’ म्हणजे बाहुल्यांचा कार्यक्रम. एक नवरा-बायको करायचे. ऐंशी भाग झाले. लायब्ररीत टेप एकच. बाकीच्या एकोणऐंशींवर त्या काळी भाषणं आणि फुटबॉल भरले गेले. कोऱ्या टेपांची टंचाई होती, वरून आदेश होता. पुसण्याच्या फॉर्मवर सही माझी असायची, पण ती केवळ तांत्रिक.

मंगळवार, १९ मार्च
आज त्या बाहुलीबाईंचाच फोन. वय ब्याऐंशी. यादीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. नावाड्याचा आवाज नवऱ्याचा, शेळीचा बाईंचा. म्हणाल्या, घरात त्यांचा आवाज कुठेच नाही हो. शेळीचं मला तोंडपाठ आहे, पण ते दर खेपेला वेगळंच बोलायचे, कागदावर कधी आलंच नाही. एकदा ऐकायला मिळेल का? डोळ्यांचं आता फारसं खरं नाही, पण कान चांगले आहेत.
मी १२ एप्रिल, शुक्रवार दिला. टेप बरी आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. म्हटलं, टेपला काय धाड भरलीय.

बुधवार, २० मार्च
टेप शोधली. ओल्या भिंतीलगत, सगळ्यांत खालची फळी. खोका फुगलेला. लेबलवर माझंच अक्षर, छान आलंय.
वास आहे. थोडाच.
हेडफोनच्या भट्टीपुढे चाळीस टेपांची रांग. नंबर लावला असता, पण मग यादीत पहिलं कोण याचा बोभाटा झाला असता. गुप्तता आधी. पुढच्या आठवड्यात बघू.

गुरुवार, २८ मार्च
मशीन कण्हायला लागलं. चित्रावर आडव्या रेघा, आणि मधूनच कोणीतरी खालून नख ओढावं तसा आवाज. हेडफोन रेकॉर्डिंगला बाहेर. मी झाकण उघडलं. ‘हातासरशी’, भाग सहावा : कोणतेही यंत्र मुळात धुळीने आजारी पडते. जुना बनियन आणि बायकोचं नेलपॉलिश काढायचं पाणी. आवाज गायब.
दुपारी आवाज परत आला. जरा खालच्या पट्टीत.

शुक्रवार, २९ मार्च
हेडफोनने विचारलं, झाकणाचे स्क्रू कोणी फिरवले? मी म्हटलं, धूळ फार आहे इथे. त्याने ते एकेक करून घट्ट केले. मग म्हणाला, साहेब, मी या मशीनसाठी तीन वर्षं पार्ट शोधतोय. कुठेच मिळत नाही.
स्वभाव निराशावादी.

सोमवार, ८ एप्रिल
दोन ते पन्नास झाले. पहिला नंबर बाकी. सामना ‘नावाडी’ आणि ‘हातासरशी’ यांच्यात. संचालकबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.
हेडफोन आजपासून आठ दिवस रजेवर, बायकोचं ऑपरेशन. बाहुलीबाई येणार हे त्याने भेटींच्या वहीत वाचलं होतं. जाताना म्हणाला, ती बाहुल्यांची टेप रांगेत दिसली नाही, मी आलो की पहिली तीच घेतो, तोवर हात लावू नका. बाईंना पुढची तारीख द्या.
शब्द दिलेला माणूस तारीख बदलत नाही.

गुरुवार, ११ एप्रिल, दुपारी अडीच
बाईंच्या आधी टेप तपासून घेणं माझं कर्तव्यच आहे. हेअर ड्रायरने पाऊण तास सुकवली. तत्त्व भट्टीचंच. हाताला कोरडी लागली. लावतोय.

त्याच दिवशी, साडेचार
चार मिनिटं सुंदर दिसली. नाव काठाला येते. शेळी म्हणते, तिकीट होतं, पण भूक लागली. मग तिला पाण्याची भीती वाटते, चढत नाही. नावाडी काहीतरी सांगतो आणि ती चढते. मग पडद्यामागे तो माणूस खरंच शिंकतो आणि त्याच दमात नावाड्याकडून म्हणवतो, नावेला सर्दी झालीय. मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो. खरं सांगायचं तर ‘हातासरशी’पेक्षा बरं आहे. बरंच बरं आहे.
मग तो आवाज आला. चित्र वरून खाली राखाडी होत गेलं. खात्री करायला मागे घेऊन पुन्हा लावली. दुसऱ्यांदा चाळीस सेकंद. तिसऱ्यांदा काही नाही. मशीन आपोआप थांबलं. आत तपकिरी भुगा.
हात तीनदा धुतले. नखांत अजून आहे.

शुक्रवार, १२ एप्रिल
बाहुलीबाईंची भाची त्यांना हाताला धरून जिना उतरवून घेऊन आली. इस्त्रीचे कपडे, केस नीट बसवलेले. पडद्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि पर्समधून रुमाल काढून मांडीवर ठेवला.
मी म्हटलं, आज मशीन रुसलंय. त्यांनी विचारलं, टेप बरी आहे ना? म्हटलं, उत्तम. तुम्ही पाहिलीत? हो, कालच. मग सांगा ना, म्हणाल्या.
सांगितलं. मी म्हटलं, शेळी तिकीट खाते, तर त्यांनी एकदम शेळीच्या आवाजात, तिकीट होतं, पण भूक लागली. भाची दचकली. मी पुढचं नावाड्याचं म्हटलं, तो शेळीला हाक मारतो ते ‘बयेऽ’ही ओढून. शिंकही काढून दाखवली. बाई हसल्या आणि रुमाल डोळ्यांना लावला.
२६ची तारीख दिली. दुसरं काय सुचणार?

मंगळवार, १६ एप्रिल
हेडफोन आला. झाकण उघडून आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. बोटावर भुगा घेतला, पांढऱ्या कागदावर झटकला, कागदाची घडी करून खिशात ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सोमवार, २२ एप्रिल
यादी जाहीर झाली. संचालकबाईंनी शेवटचा हात स्वतः फिरवला. पहिला ‘नावाडी आणि मंडळी’, आणि खाली बारीक अक्षरात : चित्रण उपलब्ध नाही. ‘हातासरशी’ पन्नासात नाही. मला वाटलं होतं तितकं लागलं नाही.

शुक्रवार, २६ एप्रिल
बाई आल्या. बसायच्या आधीच मी सांगितलं. ओल, ड्रायर, तीनदा लावणं, सगळं. एकोणऐंशी टेपांवरच्या सह्याही सांगितल्या, त्या विचारल्या नव्हत्या तरी. भाचीने मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. बरोबर होतं.
बाई म्हणाल्या, मागच्या खेपेलाच कळलं मला. मशीन रुसलं म्हणताना तुमचा आवाज बारीक झाला होता. मग पुढे : तुम्ही त्यांच्यासारखं ओढून बोललात, ‘बयेऽ’ म्हणताना. म्हणजे नीट ऐकलंय तुम्ही. किती होतं?
चार मिनिटं.
म्हणाल्या, मग ती आता तुमच्याकडेच आहेत. मी शुक्रवारी येत जाईन.

शुक्रवार, १७ मे
चौथा शुक्रवार. लिहून काढायला हवं होतं पहिल्याच दिवशी. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. पाठ आहे असं वाटत होतं.
आज बाईंनी शेळीचं वाक्य टाकलं, मला पाण्याची भीती वाटते. पुढे नावाडी काय म्हणतो, ज्याने ती चढते, ते आलं नाही. आधीचं आठवतं, शिंक आठवते. मधलं गेलं. मी माझ्या मनाने दोन वाक्यं भरली, त्यांच्यासारखा आवाज ओढून.
बाईंनी मांडीवरच्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली. मग शेळीचं पुढचं वाक्य म्हणाल्या.