बांध कोणी घातला?

४ मार्च २०२५
माझ्या गाईड मंदाकिनी मॅडमनी प्रबंधाचं प्रकरण परत केलं! सहाव्या शतकातले खाडीकाठचे शेतकरी — चाळीस पानं. "राजे आहेत, दान घेणारे ब्राह्मण आहेत. कसणारे कुठायत, नीरजा?" ताम्रपटात त्यांची नावंच नाहीत, मी काय करू!

६ मार्च
रखमाबाई नौपाड्यात भाजी विकतात. दिवा स्टेशनच्या पलीकडे त्यांची भातशेती. मेथी घेता घेता त्यांना ताम्रपट सांगितला — राजाने गाव दान दिलं, पूर्वेला खाडी, दक्षिणेला बांध. बांध राजानेच घातला असणार, मी म्हटलं.
पोट धरून हसल्या. "राजा चिखलान उतरला व्हता?"
मग म्हणाल्या, ये बघायला.

९ मार्च
जाऊन आले. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध. दरवर्षी फुटतो, दरवर्षी घरटी एक माणूस येऊन लिंपतो. हुकूम कोणाचा नाही. पूर्वी सगळं गाव यायचं, आता चारच घरं. बाकीच्यांनी जमिनी बिल्डरला दिल्या.
मीही उतरले. पाच मिनिटांत चप्पल चिखलात गेली! रखमाबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. जन्मात पहिल्यांदा मासळी — दोनदा मागून घेतली. आईला सांगायचं नाही.

१५ मार्च
लिहितेय. दान दिलं तेव्हा बांध आधीच होता. म्हणजे तो राखणारी माणसंही होती. राजाने त्यांचे कष्टच दुसऱ्याच्या नावावर करून टाकले!

२२ मार्च
मॅडम — "आजच्या बांधावरून सहाव्या शतकाबद्दल बोलता येत नाही." मग म्हणाल्या, "पण प्रश्न बरोबर आहे. ठेव तो." जिन्यात एकटीच नाचले.

२३ मार्च
बाबांना प्रकरण वाचून दाखवलं. रखमाबाईंच्या गावाचं नाव आलं आणि त्यांनी मला थांबवलं.
"तिथे आपली जमीन होती गं. कुळकायद्यात गेली. माझे आजोबा भाताचा खंड वसूल करायला जायचे. कसायची त्या गावची माणसं."
इतकी वर्षं एक शब्द नाही!

२४ मार्च
सकाळीच रखमाबाईंकडे. सगळं सांगून टाकलं. त्या जुड्या बांधत होत्या, मान वर केली नाही.
"मना ठाव हाय. तुझा आरनाव ऐकला तवाच समजला."
"आणि तरी मला जेवू घातलंत?"
"भुकेली व्हतीस ना."