नाटक नव्हतं ते

ठाणे, १४ फेब्रुवारी १९९५

प्रिय वासंती,

काल मुकुंदराव ऑफिसातून परस्पर सासुरवाडीला, माझ्याकडे आले. तुझा एमआरआयचा रिपोर्ट त्यांनी पुढे ठेवला. मला एक अक्षर उमगलं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव तेवढं त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि आज सकाळी वहीत प्रश्न लिहून तुझ्या डॉक्टरांना एकटीच भेटून आले. ते म्हणाले, शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच चुकून मेंदूतल्या आणि कण्यातल्या नसांच्या आवरणावर उठते. वायरीवरचं रबर जागोजाग सोलवटावं तसं होतं, मग निरोप पोचत नाहीत. मी विचारलं, “मग मधेच ती ठणठणीत कशी होते?” ते म्हणाले, “सुरुवातीला असंच असतं बाई. येतं, ओसरतं. म्हणूनच घरच्यांना खोटं वाटतं.”

मी वही मिटली.

दोन वर्षांपूर्वी तुझा उजवा डोळा धुरकटला होता. लाल पातळ तुला विटलेलं दिसायचं. तीन आठवड्यांत डोळा निवळला आणि मी म्हणाले, वाचन कमी कर. गेल्या उन्हाळ्यात कढत पाण्याने अंघोळ केलीस की पाय लटपटायचे. चप्पल पायातून निसटून मागे राहायची, तुला पत्ता नसायचा. आम्ही हसायचो गं. दिवाळीनंतर बॅग घेऊन आलीस. “आई, पंधरा दिवस राहू दे, ओट्याशी उभंच राहवत नाही,” म्हणालीस. संसार सगळ्याच करतात, असं सुनावून मी तुला त्याच संध्याकाळी परत धाडलं. फाटकापर्यंत बॅग धर म्हणालीस, तेही मला नाटक वाटलं.

पुढे काय होईल ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. समूळ बरं करणारं औषध नाही, पण अनेकजण वर्षानुवर्षं हिंडतेफिरते असतात, असं म्हणाले. थकवा खरा असतो, हेही त्यांनी बजावलं.

आता जे तुला ठाऊक नाही ते. त्या संध्याकाळी तू गेल्यावर मी शेजारून विहीणबाईंना फोन केला. “तिला लहानपणापासून लाड करून घ्यायची सवय आहे, जरा कडक वागा,” असं मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कामवाली बंद केली. तू त्यांना बोल लावत राहिलीस, मी गप्प ऐकत राहिले. रविवारी तुमच्याकडे येऊन सगळ्यांसमोर मी ते शब्द मागे घेणार आहे. तिथे अवचित कानावर पडण्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे लिहिलं. त्यानंतर माझ्याबरोबर माहेरी यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच, चुकलेली
आई