नवऱ्यामुलाला डिझेलचा सवाल

१४ नोव्हेंबर २००८, शुक्रवार

हे काय भलतंच! पंपाच्या मीटरवर आज बघितलं — डिझेल पेट्रोलपेक्षा महाग. मिरकरवाड्याच्या बंदरात लाँचच्या इंजिनावर जन्म गेला माझा, डिझेल कायम स्वस्तच पाहिलं. रिझवानला म्हटलं, असं का? माझा एवढा शिकलेला मुलगा म्हणतो, "बाबा, आपली गाडी पेट्रोलची आहे. तुम्हाला काय करायचंय?" झालं, बोलणं खलास.

मला चैन नाही. सगळंच उलटंपालटं चाललंय. इथे आखातात, आमच्या मनखूलमध्ये, मंदीने समोरच्या बिल्डिंगमधली बिऱ्हाडं रिकामी होतायत. लोक गाड्या एअरपोर्टवर सोडून पळतायत म्हणे. आणि नेमकं पुढच्या शुक्रवारी माझ्या नातीला, तहसीनला, बघायला येणार! मुलगा मुश्ताक, मूळ राजापूरचा, इथल्याच मरीना भागातल्या एका बिल्डरकडे हिशेबाच्या कामाला. तो बिल्डर तरी उभा आहे का? पण सूनबाईने, खतीजाने, बजावलंय — नोकरीबद्दल अक्षर काढायचं नाही, पाहुण्यांचा अपमान होतो.

१६ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरच्या सुरेशरावांना गाठलं. पुण्याचे. एक प्रश्न विचारला की चहा गार होईपर्यंत उत्तर! म्हणाले, इथे पेट्रोलचा भाव सरकारने बांधून ठेवलाय, डिझेल मात्र बाजारभावाने. त्यात डिझेलला जगभर मागणी — ट्रक, जहाजं, आणि थंड मुलखात घरं तापवायलाही तसलंच तेल. "आपल्याकडे सरकारने डिझेलला कडेवर घेतलंय, इथे पेट्रोलला."

म्हणजे दोष तेलाचा नाही. कडेवर घेणाऱ्याचा! हे पटलं.

१७ नोव्हेंबर

नोकरीचं विचारायचं नाही. डिझेलचं विचारू नका असं कुणी म्हटलेलं नाही!

नोकरी शाबूत असलेला माणूस सुरेशरावांसारखं लांबण लावील. ज्याची गेली त्याचं चित्त थाऱ्यावर नसणार, तो अडखळेल. युक्ती नामी आहे. कुणाला सांगायची नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आले. मुलगा टाय लावून. खतीजाच्या सांदणांची बशी पुढे आली तसा मी सवाल सोडला — डिझेल पेट्रोलपेक्षा महाग का हो? खतीजाने डोळे वटारले. मी सांदणाकडे बघत बसलो.

मुश्ताक पटकन म्हणाला, "काय सांगू चाचा, भरून भरून कंबर मोडली. खोर फक्कानच्या बंदरातून माल भरून डोंगर चढायचा म्हणजे गाडी नुसती पिते. आणि भाडं आहे तेवढंच."

एवढं बोलला आणि एकदम टाय सारखा करायला लागला. त्याची आई म्हणाली, ऑफिसात दिवसभर आकडे बघतो ना, सगळं माहीत असतं त्याला.

आकडे बघून कंबर मोडते होय? आणि मरीनाला जायला डोंगर कुठला लागतो!

निघताना त्याने मला लिफ्टपाशी गाठलं. बिल्डरने गाशा गुंडाळला. आता मामेभावाच्या पिकअपवर बंदरातून माल आणतो. आईला पत्ता नाही. "घरी सांगणार का, चाचा?" म्हटलं, बघतो. तो घाबरला होता, मी त्याहून जास्त. सापळा लावला खरा, पण उंदीर सापडला तर पुढे काय, हे ठरवलंच नव्हतं!

२२ नोव्हेंबर

बीपी वाढलंय. सांगितलं तर सोयरीक मोडते. नाही सांगितलं तर पोरीची फसवणूक. शेवटी जिचा संसार तिलाच सांगितलं. तहसीन हसतच सुटली. "अॅट लीस्ट ही इज वर्किंग, दादाजान." मुलगा तिला पसंत आहे. पण बाबांना तुम्हीच सांगा, म्हणाली — त्यांना टाय नसलेला जावई चालायचा नाही.

२३ नोव्हेंबर

सांगितलं नाही. रिझवान पेपर वाचत होता.

२४ नोव्हेंबर

पेपर वाचत नव्हता. तरी सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर

सकाळी सांगून टाकलं. रिझवान आरशापुढे टाय बांधत होता. हात तिथेच थांबले. मी ओरडा खायला तयार! त्याने बांधलेला टाय पुन्हा सोडला. मग स्वयंपाकघराकडे बघून, खतीजाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "बाबा, त्या पिकअपवाल्याला आणखी एक ड्रायव्हर लागेल का?"